अख्खा खडा

माझ्या पोटातून निघालेल्या खड्याचा एक तुकडा अजून माझ्याकडे आहे. दुकानात, गल्ल्याच्या मागच्या फळीवर, औषधाच्या रिकाम्या बाटलीत. एखादं गिऱ्हाईक विचारतं, "मावशी, हे काय ठेवलंय?" मी सांगते, "आमच्या दादाच्या तोंडाचं बूच." पुढं कुणी विचारत नाही. तरी इथं सगळं लिहून ठेवते आहे, कारण माझ्या भावानं आपल्या सोयीनं रचलेली हकीकत पाहुण्यारावळ्यांत अजून फिरते आणि ती खोटी आहे.

मी बोहारीण. आता लोक मला भांड्यांच्या दुकानाची मालकीण म्हणतात, पण मला जुनं नाव जास्त आवडतं. ते मी पायांनी मिळवलेलं आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डोक्यावर भांड्यांचा हारा घेऊन मी कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. लोकांचे जुने कपडे घ्यायचे, बदल्यात भांडी द्यायची. धड कपडे बाजारात जायचे, फाटके सुती कबनूरच्या यंत्रमागवाल्यांकडे. त्यांना यंत्रं पुसायला चिंध्या लागतात. आमचे मालक फौंड्रीत कामाला होते. त्यांच्या पगारात घर चाललं आणि माझ्या हाऱ्यातून दुकान उभं राहिलं.

या धंद्यात दोन्ही बाजू संशयी असतात. घरची बाई पातेलं उलटंपालटं करून बघते, मी तिच्या नवऱ्याची पँट उन्हात धरून बघते. बूड विरलेलं असेल तर पलीकडचा उजेड दिसतो. ती म्हणते, "एवढ्या कपड्यांत एवढंच?" मी हारा उचलते. ती जिन्यावरून हाक मारते. मी परत बसते. मग पुन्हा ओढाताण, आवाज चढतात, शेजारणी दारात येतात. शेवटी मी पातेल्यात एक चमचा टाकते आणि म्हणते, "दिलं." एकदा दिलं म्हटलं की दिलं. घरी गेल्यावर साडीला भोक सापडलं तरी त्या दारात मी परत भांडायला गेलेली नाही. भांडायचं ते 'दिलं' म्हणायच्या आधी. हे मला आईनं शिकवलं. दादालाही तिनंच शिकवलं. तिच्या हाऱ्यावरच आम्ही दोघं मोठे झालो. दादानं पुढं हारा सोडला आणि हातकणंगल्याला स्टेशनच्या बाजूला भंगाराचं दुकान घातलं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं भर मांडवात तो मला 'बोहारीण' म्हणाला, ते शिवी दिल्यासारखं.

पोट दुखायला लागलं ते नव्वदचं दशक संपता संपता. तळलेलं खाल्लं की उजव्या बरगडीखाली कळ यायची आणि पाठीतून खांद्यापर्यंत चढायची. आमच्याकडं अशा दुखण्याला एकच नाव, पित्त. आणि एकच उपाय, सकाळी कोमट पाण्यात मीठ घालून तांब्याभर प्यायचं, घशात बोटं घालायची आणि पित्त पाडायचं. आमच्या गल्लीत सकाळी मोरीमोरीतून हा आवाज येतो, त्यात कुणाला काही वाटत नाही. पित्त पडलं की माणूस हलका होतो. मीही व्हायची.

एकदा कळ इतकी आली की मालकांनी दवाखान्यात नेलं. तिथं सोनोग्राफी केली. पित्ताच्या पिशवीत मोठा खडा. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढून टाका. मी विचारलं, "पिशवी ठेवून नुसता खडा काढता येत न्हाय का?" ते हसले. मला हसणाऱ्या माणसाशी सौदा करायला आवडत नाही. मी उठून आले. पुढं दोनेक वर्षं असंच चाललं. मग एका श्रावणात ताप भरला, फार दुखलं, आणि त्यानंतर दुखायचं एकदम थांबलं. मी सगळ्यांना सांगितलं, बघा, खडा आपला आपण गेला.

पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा माझी तब्येत वरवर चांगली होती. दादाची एकुलती एक मुलगी, आणि मी तिची आत्या, तीही भांडी विकणारी. रुखवतात माझी भांडी असणार हे ठरलेलंच होतं. भांडण झालं ते कुठली द्यायची यावरून. मी म्हटलं स्टील देते, दादा म्हणाला पितळ पाहिजे.

"पितळ आता कोण वापरतंय, दादा? चिंचेनं घासत बसंल व्हय पोरगी? स्टील देते, हलकं असतंय."

"तुझ्याकडनं स्टील घ्यायला मी काय दारातलं गिऱ्हाईक हाय? आत्या हायस की तू. घागर, कळशी, परात, हंडा, समई. सगळं पितळ."

"समई न्हाय देणार."

"समई पयली देणार."

असं बराच वेळ चाललं. वहिनी मध्ये चहा ठेवून गेली, तो गार झाला. शेवटी मी म्हटलं, "बरं, दिलं. समईसकट." दादानं हात जोडले. त्या दिवशी तो खूश होता, हे मी नाकारत नाही.

भांडी मी चांगली जाड आणली. चिंच आणि राख लावून स्वतः घासली, पोत्यात गुंडाळून दुकानामागच्या खोलीत ठेवली. खोलीची किल्ली माझ्या कमरेला. लग्नाच्या सकाळी टेंपोत घालून मी स्वतः ती मांडवात नेणार होते. आत्याची भांडी आत्याच्या हातानं उतरलेली बरी दिसतात. आणि खरं सांगायचं तर चार लोकांनी बघावं अशी माझी इच्छा होती.

पण लग्नाच्या आधी काही आठवडे मला उलट्या व्हायला लागल्या होत्या. दुखत नव्हतं, नुसती उलटी. खाल्लं की पोट फुगायचं, वर यायचं. मला वाटलं, जुनं पित्त उठलं. म्हणून सकाळचं मिठाचं पाणी परत सुरू केलं. उलटी होत होती आणि मी वर आणखी उलटी काढत होते. शेजारीण म्हणायची, पडू दे सगळं, एकदा साफ झालं की बरं वाटंल. मलाही तेच वाटत होतं. अंग मात्र उतरत चाललं. हळदीच्या संध्याकाळी हातकणंगल्याला मांडवामागं मी इतकी ओकले की उभं राहता येईना. मालकांनी कुणाची तरी जीप मागितली आणि मला कोल्हापूरला आणलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी लग्न लागत होतं तेव्हा मी गादीवर होते, मालक उशाशी होते आणि भांडी पोत्यात होती.

मांडवात काय झालं ते मला लग्नाहून परत आलेल्या शेजारणीनं सांगितलं. रुखवत मांडलं, तेव्हा नवऱ्याकडच्या कुणी बाईनं विचारलं, "आत्याबाईंची भांडी कुठं दिसंनात?" त्यावर माझा भाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "तिला काय धाड भरलीया! पितळ द्यायचं जिवावर आलंय, म्हणून पोट धरून बसलीया घरात. बोहारीण हाय ती. शेवटच्या घडीला हात आखडता घ्यायची सवयच हाय तिला."

लोक हसले म्हणे.

मालक म्हणाले, "उद्या मी टेंपो करून भांडी टाकून येतो. विषय मिटला."

"अजिबात न्हाय," मी म्हटलं. "आता नेली तर तो म्हणंल, बोललो म्हणून दिली. आधी मी सोंग केलं न्हाय हे त्याला कळू दे. मग भांडी."

"आणि ते कसं कळणार?"

ते मलाही तेव्हा माहीत नव्हतं. किल्ली मी उशाखाली ठेवली.

उलट्या थांबेनात. पाणीसुद्धा राहीना. मग मालकांनी मला एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं पोटाचे डॉक्टर होते, माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी पोट दाबून बघितलं, मग विचारलं, "मावशी, उलटीत पिवळं, कडू असं काही पडतं का?"

"पित्त हाय म्हटल्यावर पडणारच की."

"'पडणारच' असं नको. पडतं का ते सांगा."

मी आठवून बघितलं. "न्हाय. काल खाल्लेली भाकरी पडती. जशीच्या तशी."

"म्हणजे पित्त पडतच नाही. पित्त जिथं आतड्यात येतं, त्याच्या वरच कुठं तरी वाट बंद आहे. अन्न खाली जातच नाही."

इतके दिवस मी रोज सकाळी जे पाडत होते ते पित्त नव्हतंच, हे ऐकून मला त्या डॉक्टरांचाच राग आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंडातून दुर्बीण घालून बघितलं, नंतर पोटाचा स्कॅनही काढला. जुना खडा कुठंही गेलेला नव्हता. पिशवीला वर्षानुवर्षं सूज येऊन ती शेजारच्या आतड्याला चिकटली होती. खड्यानं दोन्हीच्या मध्ये भोक पाडलं आणि तो आतड्यात उतरला. म्हणून श्रावणात दुखायचं थांबलं. उतरला तो जठराच्या दाराशीच अडकून बसला. डॉक्टर म्हणाले, असं फार कमी लोकांत होतं. ते त्यांनी इतक्या कौतुकानं सांगितलं की मला वाटलं आता पेढे वाटतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी आली. दादाला न सांगता, जोतिबाचा अंगारा पुडीत बांधून. माझ्या कपाळाला अंगारा लावून ती पदराशी चाळा करत बसली. मी विचारलं, "दादाला कळलंय का मी इथं हाय ते?"

"कळलंय."

"मग? काय म्हणतो?"

"तुमी चिडशीला."

"मी चिडलेलीच हाय. बोला."

"म्हणत्यात, दवाखान्यात कोणबी झोपतंय. पोटात खडा हाय म्हणती न्हवं? मग खडा आणून दाखव म्हणावं माझ्या हातात."

वहिनीचा यात काही दोष नाही. पण ती गेल्यावर माझं डोकं तापलं ते उतरेना. सलाईनच्या बाटलीकडं बघत मी ठरवून टाकलं, खडा अख्खा पाहिजे. तो मी त्याच्या तळहातावर ठेवणार, तेव्हाच पितळ त्याच्या दारात उतरणार.

डॉक्टर संध्याकाळी आले आणि उपाय सांगायला लागले. तोंडातूनच दुर्बीण न्यायची, तिच्यातून तारांची जाळी सोडायची, जाळीत खडा पकडायचा, आवळून फोडायचा आणि तुकडे तोंडातून बाहेर काढायचे. पोटावर एक टाकासुद्धा नाही.

मी म्हटलं, "फोडायचा न्हाय. अख्खा काढा."

"अख्खा तोंडातून येणार नाही, मावशी. घशातून लिंबू बाहेर येईल का?"

"मग दुसरीकडनं काढा."

"दुसरीकडनं म्हणजे पोट उघडायचं. जठर कापायचं. तुमची शुगर एवढी वाढलेली, उलट्यांनी अंगात त्राण नाही. जखम चिघळली तर महिनोन्‌महिने अंथरुणात. आणि त्याच्याही पुढचं काही होऊ शकतं, ते मी लपवणार नाही."

"थोडंच कापा."

"थोडंच म्हणजे?"

मी बोटांनी माप दाखवलं. ते म्हणाले, "हे काय ब्लाउजपीस आहे का?" मी म्हटलं, "तुमी तुमचं माप सांगा, मी माझं सांगते, मधी कुठं तरी जमंल." ते न हसता म्हणाले, "यात मधलं काही नसतं. एक तर फोडून तोंडातून, नाही तर कापून अख्खा." हसले नाहीत म्हणून ते मला जरा पटले.

मग मी विचारलं, फोडलेल्याचा पुरावा काय? त्यांनी सांगितलं, आतलं सगळं टीव्हीवर दिसतं, फोटो काढून देऊ. फोटो माझ्या काय उपयोगाचा? पोट आतून सगळ्यांचं सारखंच दिसत असणार. दादा म्हणाला असता, हे कुणाचं उचलून आणलंस?

"कापाच," मी म्हटलं. "सही करते."

मालक तोवर खिडकीशी उभे होते. ते माझ्या सौद्यात कधी बोलत नाहीत, धंद्यात नाही की घरात नाही. ते वळले आणि म्हणाले, "दादाला दाखवायला खडा पायजे तुला. पर तो घेऊन हातकणंगल्याला जायला तू तरी ऱ्हायला पायजेस का नको?"

मी आयुष्यात बऱ्याच सौद्यांत हारा उचलून चालायला लागले, ते समोरचा हाक मारणार हे ठाऊक असायचं म्हणून. इथं मी उठून गेले असते तर मागून हाक मारायला कुणी नव्हतं. मी डॉक्टरांना म्हटलं, "फोडा. पर सगळ्यात मोठा तुकडा मला पायजे. धुवून, बाटलीत. आणि तो बारीक करायचा न्हाय."

"घशातून येईल त्यातला सगळ्यात मोठा."

"दिलं," मी म्हटलं.

मला डाव्या कुशीवर झोपवलं. घशात कडू औषध मारलं, दातांत प्लास्टिकचं कडं बसवलं आणि शिरेत इंजेक्शन दिलं. पूर्ण झोप नव्हती, गुंगी होती. बोलता येत नव्हतं, हे माझ्यासाठी दुर्बिणीपेक्षा अवघड. डॉक्टरांचा आवाज लांबून यायचा. "धरला... सुटला. परत उघडा जाळी. धरला. नाही, सुटला." गुंगीत मला वाटत होतं, कुणी तरी गिऱ्हाईक जिन्यावरून मला बोलावतंय आणि परत दार लावून घेतंय. खडा जाळीत मावत नव्हता. कडेचा एक टवका निघाला, तेवढाच. बराच वेळ झाल्यावर त्यांनी थांबवलं.

शुद्धीवर आल्यावर मी डॉक्टरांना बोलायचं ते बोलले. "जमत न्हवतं तर आधी सांगायचं. टवका दाखवून सौदा पुरा होतोय का?" घसा सोलवटलेला, आवाज फाटका, तरी सिस्टर दारातून डोकावून बघायला लागल्या. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "दोन दिवस द्या. खडा आहे तिथं जागा अरुंद आहे, जाळी उघडत नाही. पुढच्या वेळी आधी तो मागं जठरात ओढून घेतो. तिथं ऐसपैस आहे. तिथं फोडू. तेही नाही जमलं तर मग तुमचं माप." आणि त्यांनी बोटांनी माझंच माप मला दाखवलं.

दुसऱ्या खेपेला जमलं. मला त्यातलं फार आठवत नाही. मालक बाहेर बाकावर होते. त्यांना डॉक्टरांनी येऊन सांगितलं, खडा मागं आला, फुटला, मोठे तुकडे काढले, चुरा खालून आपला आपण जाईल. चुऱ्यातला एखादा तुकडा पुढं बारीक आतड्यात अडकू शकतो म्हणून आणखी काही दिवस ठेवून घेतलं. रोज पोटावर हात ठेवून विचारायचे, वारा सरतो का? आयुष्यात या एका गोष्टीसाठी इतक्या शिकलेल्या माणसांनी माझी एवढी चौकशी कधी केली नव्हती. सरला तेव्हा सगळे खूश. मग पातळ पेज आली, ती पोटात राहिली. कितीतरी दिवसांनी अन्न खाली उतरताना कळलं. मी पेजेच्या वाटीवर रडले, आणि ते सिस्टरनं बघितलं म्हणून तिच्यावर ओरडले.

निघताना डॉक्टरांनी बाटली दिली. पिशवीचं आणि भोकाचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, बहुतेक वेळा भोक आपलं आपण भरतं, तुमच्या तब्येतीला आत्ता हात न लावलेला बरा, मात्र तपासायला येत राहा. मी गेले. आजतागायत त्रास नाही.

बाटलीतला तुकडा बघून मात्र मी हिरमुसले. तपकिरी, वालाच्या दाण्याहून जरा मोठा. एवढ्यासाठी एवढं? रस्त्यावरून उचलला म्हटलं तरी खपेल. मालकांना म्हटलं, "दादा हसंल." ते म्हणाले, "हसू दे. भांडी तर दे एकदाची. ती खोली मला रिकामी पायजे."

अंगात ताकद आल्यावर मी टेंपो सांगितला. पितळ पुन्हा घासलं. हातकणंगल्याला दादाच्या दारात टेंपो थांबवला आणि एकेक भांडं स्वतः उतरवलं, पोत्यातून काढून, उघडं, गल्लीला दिसेल असं. घागर ठेवताना जरा आपटूनच ठेवली. शेजारच्या बायका बाहेर आल्या. दादा दुकानातून आला. त्यानं भांड्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि त्याच्या तोंडून पहिलं काय निघालं असेल?

"समई कुठाय?"

"ती बघ पुढं. डोळं फुटलं काय?"

"लई वाळलीयास, तायडे."

"सोंग करून करून वाळली."

तो आत गेला. मीही मागोमाग स्वयंपाकघरात गेले. वहिनी चुलीपाशी होती. मी बाटली उघडली आणि तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. "घे. खडा पायजे होता न्हवं?"

"एवढासाच?"

"फोडून काढलाय. हा एक तुकडा हाय. अख्खा लिंबाएवढा होता."

मला वाटलं आता तो हसणार. पण दादा खिडकीशी गेला. भंगारात त्याची हयात गेली आहे. बिडाच्या ओतीव लोखंडाचा तुकडा हातात आला की तो आधी फुटलेली बाजू बघतो, दाणा कसा आहे, तुटलं कधी, अख्खी वस्तू केवढी असेल. तसाच त्यानं तो तुकडा उजेडात धरला, फिरवला, नखानं खरवडला.

"ही बाजू गुळगुळीत हाय," तो म्हणाला. "घासून घासून झालीया. जुनी हाय. आन् ही ताजी फुटलीया." मग त्यानं तुकड्याच्या गोलाईवरून अंगठा फिरवला आणि अंगठा नि बोट यांच्यात हवेत एक गोल धरला. "लिंबाएवढा न्हवता. आवळ्याएवढा असंल."

"लिंबाएवढा."

"गोलाई दिसतीया की. लिंबू म्हणलीस तर कोण मानंल? आवळा."

"मोठा आवळा."

त्यानं आणखी एकदा तुकडा उजेडात धरला. "मोठा आवळा," तो म्हणाला. "एवढा घेऊन हळदीला आलीवतीस व्हय?"

"व्हय. आणि तुझ्या मांडवामागंच ओकली."

तुकडा बाटलीत घालून त्यानं झाकण घट्ट लावलं आणि बाटली माझ्या हातात दिली. वहिनीनं ताट वाढलं. मी जेवले, तो समोर बसून मी घास कसा गिळते ते बघत राहिला. त्याच्या मनात विषय तिथं संपला. माझ्या मनात संपला नाही. जे बोलला ते भर मांडवात बोलला, आणि मानलं ते स्वयंपाकघरात, एकट्या वहिनीसमोर. हा सौदा बरोबरीचा नाही. निघताना मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "आता काय दवंडी पिटवू का?" मी म्हटलं, "पिटव."

पिटवली नाही. उलट लोकांना सांगत राहिला, मी बोललो म्हणून तायडीनं पितळ पोचवलं. मला एकच गोष्ट हवी होती, चार लोकांत, त्याच्याच तोंडून, मी आजारी होते एवढं. त्यासाठी मी वर्षभर त्याच्या दारात पाऊल टाकलं नाही.

पुतणीला मुलगा झाला. बाळंतपण माहेरीच झालं. बारशाला आत्याआजीनं गेलं पाहिजे, म्हणून गेले. त्याच गल्लीत, तसाच मांडव, बरीचशी तीच माणसं. पंगत बसली. वाढपी कांदाभज्यांची परात घेऊन माझ्यापाशी आला आणि वाकला, तोच मांडवाच्या त्या टोकाकडून दादा ओरडला. त्याचा आवाज तुम्ही ऐकलेला नाही. रेल्वेच्या शिट्टीच्याही वर आवाज चढवून तो माणसांना हाक मारतो.

"ए! तिला तळलेलं वाढू नगा! पोटात आवळ्याएवढा खडा हुता तिच्या, मरता मरता वाचलीया ती!"

सगळी पंगत माझ्याकडं बघायला लागली. त्या दिवशी रुखवताशी भांडी विचारणारी नवऱ्याकडची बाईसुद्धा. दादा मात्र माझ्याकडं बघत नव्हता. तो दुसऱ्या कुणाला तरी पाण्यावरून झापत होता.

ही माफी नव्हे. 'चुकलं' हा शब्द त्याच्या तोंडून अजून आलेला नाही आणि मी त्याचा हट्ट सोडलेलाही नाही. भजी गरम होती, वास सुटला होता, आणि डॉक्टरांनी दोन-चार खायला हरकत नाही असं मला केव्हाच सांगितलं होतं. पण मी पानावर हात आडवा धरला आणि वाढप्याला पुढं जा म्हटलं. सगळे बघत होते. बघू दे म्हटलं.